जुन्या डिझेल पिकअपचे इंजिन : बिघाडाची ओळख व दुरुस्ती

रावेर-यावल भागातील केळी असोत की दोंडाईच्याच्या बाजारात जाणारी मिरची, शेतापासून बाजारापर्यंतचा पहिला टप्पा बहुधा पिकअप गाडीनेच पार पडतो. कापणी झालेली केळी उन्हात वाट पाहत नाहीत. ऐन वेळी गाडी बंद पडली तर मालाचे नुकसान होते. त्यात घाईने ‘इंजिन बांधावे लागेल’ असे ठरले तर हंगामाची कमाई गॅरेजमध्ये जाते. वास्तविक इंजिन सुरू न होणे, ओढ कमी होणे किंवा धूर येणे यांची कारणे पुष्कळदा इंजिनाच्या बाहेरच, म्हणजे फिल्टर, नळी, बॅटरी किंवा नोझलमध्ये सापडतात. म्हणून इंजिन खोलण्यापूर्वी क्रमाने तपासणी करावी.

येथील माहिती महिंद्राच्या जुन्या गाड्यांतील प्युजो बनावटीचे २११२ सीसीचे इंजिन, नंतरचे २५२३ सीसीचे डी.आय. इंजिन, टेम्पो ट्रॅक्समधील ओएम ६१६ आणि जुन्या टाटा २०७ अशा साध्या पंपाच्या इंजिनांसाठी आहे.

मूळ तत्त्व

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबामुळे हवा ५०० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापते आणि त्या हवेत नोझलने फवारलेले डिझेल पेट घेते. म्हणजे इंजिनाला तीनच गोष्टी लागतात : वेळेवर व बारीक फवारलेले डिझेल, स्वच्छ हवा आणि पुरेसा दाब. प्रत्येक बिघाड यांपैकी कशात आहे हे आधी ठरवावे.

१) इंजिन सुरू होत नाही

अ) सेल्फ हळू फिरत असल्यास प्रथम बॅटरी पाहावी. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुऊन जोड घट्ट करावेत. इंजिनाकडे जाणारी अर्थची पट्टीही तपासावी. सेल्फ मारताना १२ व्होल्टच्या बॅटरीचा दाब ९.५ व्होल्टच्या खाली जात असेल तर दोष बॅटरीत किंवा सेल्फमध्ये आहे. एका वेळी १० ते १५ सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये मिनिटभर थांबावे.

ब) सेल्फ जोरात फिरतो, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात येत नाही, याचा अर्थ सिलिंडरमध्ये डिझेल पोहोचत नाही. टाकी, फिल्टर आणि नळ्यांचे जोड पाहावेत. पंपावर विजेचा स्टॉप व्हॉल्व्ह असल्यास चावी फिरवताच ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आवाज नसेल तर फ्यूज व वायर तपासावी.

क) टाकी रिकामी झाल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर नळीत हवा अडकते. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की हातपंप मारत असतानाच स्क्रू आवळावा. नंतर पंपाच्या स्क्रूवर हेच करावे. हवा पुन्हा पुन्हा येत असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी किंवा वायसर बदलावा.

ड) धूर पांढरा येतो, पण इंजिन पेट घेत नाही, असे धुळ्याकडे जानेवारीच्या थंडीत बरेचदा घडते. प्युजो, ओएम ६१६ अशा इंजिनांत हीटर प्लग असतात. प्लगची वायर काढून बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून टेस्ट लॅम्प प्लगला लावावा. दिवा न लागल्यास तो प्लग जळाला असे समजावे.

२) धुराचा रंग काय सांगतो?

काळा धूर : हवा कमी किंवा डिझेल जास्त. काळ्या मातीच्या शिवाररस्त्यांवर एअर क्लिनर लवकर भरतो. प्रथम तोच पाहावा. ऑईलचे भांडे असलेल्या क्लिनरमधील चिखल काढून नवीन ऑईल भरावे. नंतर नोझल तपासावेत. ओढ वाढवण्यासाठी पंपाचे डिझेल वाढवून घेऊ नये. त्यामुळे डिझेल वाया जाते व पिस्टन जळण्याचा धोका असतो.

पांढरा धूर : सकाळी एक-दोन मिनिटे आल्यास काळजी नाही. इंजिन तापल्यावरही राहिल्यास पंपाचे टायमिंग, नोझल किंवा दाब तपासावा. पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा.

निळा धूर : ऑईल जळत आहे. उतारावरून आल्यावर ॲक्सिलरेटर देताच निळा लोट येत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड झिजले आहेत. भाराखाली सतत येत असेल तर रिंगा पाहाव्यात.

३) इंजिन एका सिलिंडरवर कमी चालते

इंजिन मंद चालू ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट थोडा सैल करावा. आवाज पडला तर तो सिलिंडर चांगला आहे. फरक पडला नाही तर दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे. त्याचा नोझल दुसऱ्या सिलिंडरमध्ये घालून पाहावा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा रिंग.

सावधान : नोझलचा फवारा त्वचेत घुसतो. हात व तोंड दूर ठेवावे, चष्मा वापरावा. फवारा त्वचेत घुसल्यास जखम बारीक दिसली तरी त्वरित रुग्णालय गाठावे. कॉमन रेल इंजिनाचा दाब १००० बारच्याही पुढे जातो. तेथे ही चाचणी कदापि करू नये.

४) इंजिन तापते

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी माल भरून कन्नडचा घाट चढताना काटा वर गेला तर गाडी बाजूला घेऊन इंजिन थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये व तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये.

नंतर रेडिएटरच्या पाकळ्यांतील माती व किडे, फॅन बेल्टचा ताण, वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट तपासावा. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार बसतात; म्हणून स्वच्छ, मऊ पाण्यात कूलंट मिसळून भरावे. थंड इंजिनाचे झाकण काढून इंजिन सुरू करावे. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिल्यास हेड गॅस्केट गेले आहे असे समजावे.

५) ऑईल पाहण्याची सवय

डिपस्टिकवर ऑईल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे. पातळी आपोआप वाढून ऑईलला डिझेलचा वास येत असल्यास फीड पंपाचा पडदा किंवा पंपाचे सील फुटले असावे. दोन्ही वेळा गाडी पुढे चालवू नये; बेअरिंग जातात.

६) इंजिन केव्हा बांधावे?

ऑईल भरण्याचे झाकण उघडल्यावर धुराचे जोरदार झोत येणे, भाराखाली सतत निळा धूर येणे आणि गेजवर दाब कमी भरणे ही तीन लक्षणे एकत्र असतील तरच. नोझल टेस्टरवर आपल्यासमोर तपासून घ्यावेत, सिलिंडरचे बोअर मोजून आकडा लिहून घ्यावा आणि बदललेले जुने भाग परत मागावेत.

रोजची काळजी

फिल्टरच्या तळातील पाणी आठवड्यातून एकदा सोडावे. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. पंपाच्या आतील भागांना डिझेलचेच वंगण मिळते, रॉकेलने ते झिजतात. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीचे ऑईल व फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीपेक्षा लवकर बदलावेत. ही सर्व कामे कापणीच्या पंधरा दिवस आधी उरकावीत, म्हणजे माल तयार होईल तेव्हा गाडीही तयार असेल.