उघडझाप दिवे आणि प्रकाशाची शिस्त

कॅडेट मित्रांनो, रात्रीच्या हालचालीत प्रकाशाची शिस्त पाळायची असते, हे तुम्ही कवायतीच्या तासाला ऐकलेले आहे. काडी ओढू नये, टॉर्च उघडा धरू नये, एवढ्यावर ती शिस्त संपत नाही. सैन्याच्या ट्रकच्या मागे जाऊन खाली वाकून पाहा. मागच्या आसावरचा डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलेला दिसेल आणि त्यावर प्रकाश टाकणारा एक छोटा दिवा असेल. ताफा अंधारात चालतो तेव्हा मोठे दिवे बंद असतात. मागचा चालक त्या पांढऱ्या ठिपक्यावरून अंतर राखतो. प्रकाश लागेल तेवढाच, लागेल तिथेच, आणि बाकी कुठेही नाही, असा हा नियम आहे. घरच्या मोटारीच्या हेडलाइटलाही तोच नियम लागू पडतो. तो कसा, हे एका कामाच्या आधारे समजून घेऊ.

मी सैन्यात ई.एम.ई.मध्ये गाड्यांवर काम केले. आता शाळेत वर्कशॉपचा तास घेतो. माझी मुलगी मोहालीत नोकरी करते आणि शेजारच्या खरडला राहते. थंडीच्या सुटीत मी तिच्याकडे जातो. चंदीगडहून येणारा रस्ता खरडला फुटतो. एक लुधियान्याकडे जातो, दुसरा कुराळीवरून रोपडकडे. डिसेंबर-जानेवारीत तिथे असे धुके पडते की समोरचा खांब दिसत नाही. पंजाबीत त्याला 'धुंद' म्हणतात. त्याच धुंदीतून उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असतात. आपल्या सांगली-कोल्हापूरकडे असतात तशाच, मागे दिवा असला तर असला.

तिथल्या एका गॅरेजमध्ये परदेशातून आलेली, १९९० च्या आसपासची जपानी दोन आसनी गाडी आली होती. तिचे हेडलाइट बॉनेटमध्ये झाकलेले असतात आणि खटका दाबला की वर येतात. मालकाला त्यांच्या जागी प्रोजेक्टर बसवून हवे होते. गॅरेजच्या उस्तादांनी मला हाक मारली, "सरजी, जरा बसा आमच्याबरोबर."

हे दिवे आले कुठून?

अमेरिकेतल्या कॉर्ड ८१० या १९३६ च्या गाडीत असे दिवे होते. डॅशबोर्डवरचे हँडल हाताने फिरवून ते बाहेर काढावे लागत. मूळचे ते विमानाच्या लँडिंगसाठी बनवलेले दिवे होते. पुढे १९४० पासून अमेरिकेत ठरावीक मापाचे गोल, सीलबंद दिवेच वापरण्याचा दंडक आला. गाडीचे नाक बसके ठेवायचे आणि दिवा मात्र नियमाइतका उंच हवा, यावर झाकलेला दिवा हा सोयीचा उपाय ठरला. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ मध्येही तो होता. लोटस एस्प्रिट आणि कॉर्व्हेटची पाचवी पिढी या अशा शेवटच्या गाड्यांपैकी. दोन्ही २००४ मध्ये थांबल्या. पादचाऱ्याला धडक बसली तर गाडीच्या पुढच्या भागाने कमीत कमी इजा करावी, असे नियम कडक होत गेले आणि वर उभा राहणारा टणक दिवा त्यात बसेना.

गॅरेजमधल्या गाडीचा दिवा ७ इंची गोल होता. जुन्या जीपचा, जिप्सीचा, बुलेटचा दिवाही याच मापाचा. त्यामुळे बसवण्याचे सामान शोधायला फार फिरावे लागले नाही.

प्रोजेक्टर काय करतो?

साध्या दिव्यात बल्बच्या मागे अन्वस्ताच्या आकाराचा आरसा असतो. तो प्रकाश पुढे फेकतो आणि काचेवरच्या रेघा तो पसरवतात. प्रोजेक्टरमधला आरसा साधारण लंबवर्तुळाच्या आकाराचा असतो. लंबवर्तुळाला दोन नाभी असतात, हे तुम्ही भूमितीत शिकाल. एका नाभीपाशी बल्ब ठेवला की प्रकाश दुसऱ्या नाभीपाशी गोळा होतो. तिथे खालच्या अर्ध्या भागात एक पत्र्याचा पडदा उभा असतो. पुढचे बहिर्वक्र भिंग त्या पडद्याच्या कडेची उलटी प्रतिमा रस्त्यावर टाकते. पडदा खाली, म्हणून अंधार वर. भिंतीवर प्रकाश पाडला तर वर काळोख, खाली उजेड आणि मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते. या रेघेला कट-ऑफ म्हणतात. प्रोजेक्टरचे खरे मोल या रेघेत आहे.

आपण रस्त्याच्या डावीकडून चालतो. म्हणून आपल्या कट-ऑफची डावी बाजू थोडी वर चढते, म्हणजे कडेचा पादचारी दिसतो आणि उजवीकडून समोर येणाऱ्याचे डोळे वाचतात. उजवीकडून चालणाऱ्या देशांतला प्रोजेक्टर याच्या नेमका उलट असतो. जुन्या बाजारातून प्रोजेक्टर आणला तर बसवण्याआधी भिंतीवर ही बाजू पाहावीच. उस्तादांनी आणलेल्या दोन जोड्यांपैकी एक याच कारणाने बाजूला पडली.

बसवताना

पहिले काम, गाडीच्या कागदांचे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०६ झोताविषयी आहे. दिव्यापासून ८ मीटर पुढे, उजव्या बाजूला अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला झोताने दिपवू नये, असे तो सांगतो. म्हणून पालकांनीही लक्षात ठेवावे : दिवा बदलण्याआधी आरटीओत विचारावे आणि जे लेखी मिळेल तेवढेच करावे.

दुसरे काम, हात घालण्याआधी बॅटरीची तार काढणे. वर-खाली होणारा दिवा मोटरवर चालतो. खटका चुकून दाबला गेला तर बोटे सापडतात.

मग मापे. प्रोजेक्टर लांबीला जास्त असतो. दिवा खाली जाताना त्याचे शेपूट आत कुठे घासत नाही ना, हे मोटरवरची घुंडी हाताने फिरवून पाहिले. लेथवर ॲल्युमिनियमची रिंग करून प्रोजेक्टर तिच्यात बसवला. मूळचे जुळवणीचे स्क्रू तसेच ठेवले. जुना दिवा आणि नवी जोडणी तराजूत तोलून पाहिली, कारण वजन वाढले तर भार मोटरवर येतो. वायरला बिजागरीपाशी सैल वळसा दिला, नाहीतर रोजच्या उघडझापीने ती तुटते.

दहा वेळा वर, दहा वेळा खाली

गाडी सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर उभी केली. टायरची हवा तपासली, चालकाला आत बसवले. दिव्याचे केंद्र जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर होते. झोत शंभराला एक या उताराने खाली ठेवायचा, म्हणजे १० मीटरवर १० सेंटीमीटर. म्हणून भिंतीवर ५५ सेंटीमीटरला खडूची रेघ मारली आणि कट-ऑफ तिच्यावर आणला. मालक खूश. त्याला त्याच संध्याकाळी रोपडला निघायचे होते.

उस्ताद म्हणाले, "आता दहा वेळा उघडझाप करा." उजवा दिवा दर वेळी खडूच्या रेघेवर आला. डावा मात्र कधी रेघेवर, कधी त्याच्या वर. बिजागरीचे बुश झिजलेले होते आणि दिवा एक अंशभर हलत होता.

एक अंश म्हणजे किती? गणित करा. टॅन १° = ०.०१७५. खाली जाणारा उतार ०.०१ होता. एक अंश वर गेला की तो ०.००७५ चा चढ होतो. ६० मीटरवर ४५ सेंटीमीटर चढ. मूळचे ६५ मिळवले की ११० सेंटीमीटर. समोरून येणाऱ्या मोटारचालकाचे डोळे जवळपास याच उंचीवर असतात. जो झोत ६५ मीटरवर रस्त्याला टेकायचा, तो सरळ त्याच्या डोळ्यांत. जुन्या दिव्याचा झोत पसरट होता, त्यात ही ढिलाई लपून गेली होती. नव्या, धारदार झोतात ती उघडी पडली.

मालक म्हणाला, "एवढ्याने काय होते? मला तर छान दिसते आहे." उस्तादांनी उत्तर दिले, "तुम्हाला दिसेल साहेब. समोरच्या ट्रॉलीवाल्याला दिसणार नाही. आणि तो आंधळा झाला तर येऊन तुमच्यावरच आदळेल." त्यांनी प्रोजेक्टर काढले, जुने दिवे परत बसवले आणि गाडी दिली. मालक कुरकुरत गेला. दोन दिवसांनी नवे बुश लेथवर करून घेतले, तो गाडी घेऊन आला, आणि मग दहाच्या दहा वेळा रेघ जागेवर आली. तेव्हाच काम पुरे झाले.

धुक्याविषयी एक गोष्ट

पिवळा दिवा धुके भेदतो असे पुष्कळजण मानतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठे असतात. ते सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात. धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, कारण तोच प्रकाश परत आपल्या डोळ्यांत येतो. उपयोगी पडतो तो खाली राहणारा, वरून कापलेला झोत आणि कमी वेग.

करून पाहा

शाळेच्या बसचे दिवे एमटी विभागाची परवानगी घेऊन तपासा. भिंत, खडू, टेप आणि वही घ्या. दिव्याची उंची मोजा, १० मीटरवर डिपरचा झोत किती खाली येतो ते लिहा, दोन्ही दिव्यांची तुलना करा. नंतर मागच्या बाकांवर दहा जण बसवून पुन्हा मोजा. मागचा भार वाढला की झोताचे काय होते, ते आकड्यांत लिहून पुढच्या तासाला आणा.