शंभरदा चाळलेल्या मातीत काय उरतं?

प्रश्न : माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. तिकडे गेलो होतो तेव्हा शेजारचे एक निवृत्त गृहस्थ मेटल डिटेक्टर घेऊन गावातल्या जुन्या बागेत नाणी शोधायला जात. कधीकधी मीही सोबत जाई. खिळे, बाटल्यांची बुचं, कॅनच्या कड्या यांनीच पिशवी भरायची. या बागेत कित्येक वर्षं सगळे शोधताहेत, आता काही उरलं नाही, असं लोक म्हणत. तरी या गृहस्थांना मधूनच चांदीचं नाणं मिळायचं. हे कसं? आणि असं यंत्र वापरून आपल्याकडच्या किल्ल्यांवर शोध घेता येईल का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ‘काही उरलं नाही’ हे अर्धंच खरं आहे. संपलं ते सोपं. अमेरिकेतली डाइम आणि क्वार्टर ही नाणी १९६४पर्यंत ९० टक्के चांदीची असत. १९६५च्या कायद्याने त्यांतली चांदी काढून टाकली. त्यानंतर हातात धरायची यंत्रं स्वस्त झाली, तेव्हा बागांत, शाळांच्या मैदानांवर, चर्चच्या आवारात वरवर पडलेली चांदी लोकांनी भराभर उचलली. मागे राहिलं ते यंत्राला न दिसलेलं, आणि दिसूनही माणसाने खणायचा कंटाळा केलेलं. या दुसऱ्या प्रकाराचा साठा मोठा आहे.

त्यासाठी यंत्र काय करतं ते थोडक्यात पाहू. टोकाच्या चकतीतून, म्हणजे कॉइलमधून, सतत बदलणारं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. खाली धातू असला की त्यात वीज फिरू लागते आणि तिचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं. ते चकतीतल्या दुसऱ्या वेटोळ्याला कळतं. चांदी-तांब्याच्या जाड नाण्यात ही वीज बराच वेळ टिकते, पातळ पत्र्यात चटकन विरते. या उशिराचा हिशेब करून पडद्यावर एक आकडा उमटतो. पण तो आकडा धातूचं नाव सांगत नाही. धातू, आकार, जाडी, जमिनीत वस्तू कशी पडली आहे, हे सगळं त्यात कालवलेलं असतं. नाजूक सोन्याची अंगठी आणि कॅनची कडी यांचे आकडे बऱ्याचदा एकाच घरात येतात. अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं, ज्याला तिथे निकेल म्हणतात, त्यात तांबं ७५ आणि निकेल २५ टक्के. तेही त्याच आळीत राहतं.

कॅनच्या या कडीवर जरा थांबायला हवं, कारण सारा घोळ तिचाच आहे. ओहायोतल्या डेटन शहरच्या अर्मल फ्रेझ यांनी बिअरच्या कॅनला ओढून काढायची कडी बसवली, ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. कॅनला चिकटून राहणारी कडी आली १९७५मध्ये. मधल्या काळात लोक सहलीला गेले की कडी ओढायची आणि गवतात भिरकवायची, हाच रिवाज होता. म्हणजे जिथे माणसं जास्त बसली, जिथे त्यांच्या खिशातून नाणी जास्त सांडली, नेमक्या तिथेच कड्याही जास्त. या खेळातला माणूस पाच-पन्नास कड्या खणून वैतागतो आणि यंत्राला सांगतो, हा आकडा आला की आवाज करू नकोस. त्या क्षणी अंगठ्या, जुनी निकेल आणि लहान सोन्याची नाणी सुरक्षित होतात. माझ्या मते जुन्या बागांतल्या मालाचा सगळ्यांत निष्ठावंत राखणदार म्हणजे ही अ‍ॅल्युमिनियमची कडी.

जस्ताच्या सेंटची गोष्ट तशीच. १९८२पासून अमेरिकेचा एक सेंट आतून जस्ताचा आणि वर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला असतो. मातीत तो सडतो, खड्डे पडतात, आणि शोधणाऱ्याला त्याची शिसारी येते. पण १८५९ ते १९०९ या काळातला ‘इंडियन हेड’ सेंट पडद्यावर याच्या अगदी शेजारी दिसतो. जस्त टाळणाऱ्याने ही नाणीही टाळली.

लोखंडाचा त्रास वेगळ्या जातीचा. खिळा पुरता कुजला तरी यंत्राला दिसतो. लोखंडाकडे दुर्लक्ष करायला सांगितलं की यंत्र खिळ्यावर क्षणभर गप्प बसतं, आणि चकती वेगाने फिरत असेल तर बाजूचं नाणं त्या गप्प बसण्यातच निघून जातं. म्हणून जाणती माणसं पाच-सहा इंचांची लहान चकती लावतात, म्हणजे एका वेळी तिच्याखाली थोडाच ऐवज येतो. हात सावकाश चालवतात. आणि एकच पट्टा आधी उत्तर-दक्षिण, मग पूर्व-पश्चिम तपासतात. एका बाजूने खिळ्यामागे दडलेलं नाणं दुसऱ्या बाजूने सुटं ऐकू येतं. अलीकडची यंत्रं एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरतात आणि एका वस्तूवरून दुसरीकडे लवकर वळतात, त्यांचा फायदा होतोच. तरी पैसे खर्चून नवं यंत्र घेण्याआधी जुनंच हळू फिरवून पाहावं. पावसानंतरची ओल असली की बऱ्याच जमिनींत खोलवरचंही बरं ऐकू येतं.

सगळ्यांत खात्रीचा उपाय कुणालाच आवडत नाही: दहा फूट बाय दहा फूट जागा आखायची आणि तिथून येणारा प्रत्येक आवाज खणायचा, खिळ्यासकट. वरचा कचरा निघाला की खालचं बोलू लागतं. आपल्याकडे सराफांच्या दुकानांबाहेरची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी हेच करत आले. मातीला टाकाऊ म्हणायचं नाही, ती सगळी धुवायची. तुमच्या शेजाऱ्यांची पिशवी खिळ्या-कड्यांनी भरत होती ना, चांदी त्याच पिशवीमुळे मिळत होती.

शिवाय बाग आज जशी आहे तशी शंभर वर्षांपूर्वी नव्हती. तेव्हाची पायवाट, बँडस्टँड, ढासळलेली घरं आता गवताखाली असतात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकापासून आगीच्या विम्यासाठी सॅनबॉर्न कंपनीने गावोगावचे घरन् घर दाखवणारे नकाशे काढले. त्यांतले पुष्कळ लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात घरबसल्या पाहता येतात. असा नकाशा पाहून जाणारा आणि मोकळ्या हिरवळीवर फिरणारा, यांच्यात फार फरक पडतो.

परवानगीचं मात्र पक्कं विचारून घ्या. गावच्या बागेचे नियम गावागणिक वेगळे. राष्ट्रीय उद्यानांत तर यंत्र वापरणं सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि संघराज्याच्या मालकीच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या पुरातत्त्वीय वस्तूंना १९७९च्या कायद्याचं संरक्षण आहे. इंग्लंडमध्ये १९९२ साली एरिक लॉज हे गृहस्थ शेतकरी मित्राची हरवलेली हातोडी शोधायला गेले आणि हॉक्सनच्या शेतात रोमन काळातला सुमारे १५ हजार नाण्यांचा साठा हाती लागला. त्यांनी सगळं उकरून काढलं नाही, कळवलं. उरलेलं पुरातत्त्वज्ञांनी नीट खणलं. म्हणून नाण्यांसोबत ती कशी ठेवली होती हेही कळलं. हातोडीही सापडली, ती आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता किल्ल्यांचं. उत्तर सरळ आहे: नाही. संरक्षित स्मारकात परवान्याशिवाय खणणं हा गुन्हा आहे. इतरत्रही १८७८चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. लपवलं तर शिक्षा आहे. शिवराई तटाखालून उपटली की ती कुठल्या थरात, कशासोबत होती ही माहिती कायमची जाते, आणि संशोधकाला नाण्यापेक्षा तीच हवी असते. घाटावर मुलं दोरीला चुंबक बांधून नाणी काढतात, त्याचंही पुष्कळजण विचारतात. आजची आपली बरीच नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या पोलादाची आहेत, म्हणून ती येतात. तांब्याची शिवराई किंवा चांदीचा जुना रुपया चुंबकाला चिकटणारच नाही.

जुन्या नाण्यांची खरी गोडी असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथे जाऊन या. आणि अमेरिकेतल्या शेजाऱ्यांनी एखादं नाणं भेट दिलं, तर त्याला चिंच किंवा पितांबरी लावू नका. घासलेल्या नाण्याची किंमत संग्राहकाच्या लेखी तिथेच उतरते.