चौथ्या सीटवरचं विज्ञान

डोंबिवलीहून सकाळी निघणाऱ्या आमच्या फास्ट लोकलच्या डब्यात एका टोकाला भजनी मंडळ असतं आणि दुसऱ्या टोकाला आम्ही. आमच्याकडे टाळ नाहीत, पण आवाज त्यांच्याइतकाच. टेलिफोन खात्यातून बाहेर पडून खासगी नोकरीत लागलेले काका, ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारे मास्तर, दिवसभर कोड लिहिणारा धाकटा आणि गर्दी ढकलेल तसे येणारे-जाणारे बरेच. विषय ठरलेला: काल रात्री मोबाइलवर आलेली विज्ञान-तंत्रज्ञानाची बातमी. या वादावादीत आणि टवाळीत बरीच वर्षं गेली. हाती लागलं ते लिहून ठेवतो.

१. आधी युनिट काढा, मग टाळ्या वाजवा.

डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने जाहीर केलं, की फ्यूजनमधून घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा बाहेर पडली. धाकटा ठाणं येईपर्यंत हवेत होता. कोळसा संपला, बिलं संपली, लोडशेडिंग संपलं! मास्तरांनी आकडे विचारले. इंधनाची गोळी ठेवलेल्या डबीवर लेझरने टाकली २.०५ मेगाज्यूल, निघाली ३.१५. काका म्हणाले, “मेगाज्यूल राहू दे बाजूला, युनिटात सांग.” एक युनिट म्हणजे ३.६ मेगाज्यूल. म्हणजे जगभर गाजलेली ती सगळी ऊर्जा आमच्या मीटरवर एक युनिटही भरत नव्हती. आणि लेझर पेटवायला लाइनवरून खेचलेली वीज सुमारे ३०० मेगाज्यूल, म्हणजे ऐंशीच्या वर युनिटं.

“ऐंशी द्या, एकही पुरतं घेऊ नका. आपलं वीज मंडळ देवमाणूस म्हणायचं,” काका म्हणाले आणि सगळा कोपरा हसला.

मास्तरही हसले, पण विषय सोडला नाही त्यांनी. ते यंत्र वीज वाचवायला बांधलेलंच नव्हतं. लक्ष्यावर टाकली त्याहून जास्त ऊर्जा फ्यूजनने परत देणं प्रयोगशाळेत पहिल्यांदाच घडत होतं. काकांचा हिशेब बरोबर होता आणि ती टाळी घेण्यासारखी बातमीही खरी होती. हे दोन्ही एकाच वेळी डोक्यात ठेवता येत नसेल, तर माणसाने राजकारणावर बोलावं. तिथे चालतं.

२. विनोद जमला तर बातमी कळली असं समजायला हरकत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने दावा केला, की शिसं, तांबं आणि फॉस्फरस असलेला एलके-९९ नावाचा त्यांचा पदार्थ पार १२७ अंश सेल्सिअसपर्यंत अतिवाहक राहतो. म्हणजे विजेला विरोध शून्य, तोही बर्फाशिवाय, द्रवरूप वायूशिवाय. सोबत एक व्हिडिओ: चुंबकावर काळपट खडा अर्धवट उचललेला. आठवडाभर डब्यात दुसरा विषय नाही.

पहिल्या दिवशीचे विनोद उडत्या लोकलचे. ते कुणीही करतं. मग दाराशी लटकलेल्या एकाने तिथूनच टोला हाणला, “उडेल हो लोकल, पण एक कड दिव्याला टेकलेलीच राहणार!” ज्यांना दिवा स्टेशनचा जाच माहीत आहे ते हसले. ज्यांनी व्हिडिओ नीट पाहिला होता ते जास्त हसले. कारण खरी गोम तीच होती. खडा पूर्ण तरंगत नव्हता, त्याची एक कड चुंबकाला टेकलेली होती. मास्तरांनी फोन आडवा धरून ती कड बोटाने दाखवली. म्हणाले, “साधं लोहचुंबकी द्रव्य आत असलं तरी खडा असा उभा राहू शकतो. मला दोन्ही कडा हवेत दाखवा, पेढे वाटतो.”

पेढे राहिले. ऑगस्टमध्ये कळलं, की विरोध एकदम घसरल्यासारखा दिसत होता तो कॉपर सल्फाइडच्या भेसळीमुळे. साधारण १०४ अंशांना त्या भेसळीची रचनाच बदलते. जर्मनीत श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेत याच पदार्थाचे शुद्ध स्फटिक तयार केले, तर त्यांतून वीज धड जाईना. दाराशी लटकलेल्या त्या गृहस्थाचं नाव आम्हाला आजही माहीत नाही, पण त्या मोसमातलं सगळ्यात नेमकं परीक्षण त्याचं होतं.

३. काकांचं लूज कनेक्शन.

काकांचं निदान कायम एकच. मिक्सर बंद पडला, लूज कनेक्शन. इंडिकेटर चुकीचं स्टेशन दाखवतो, लूज कनेक्शन. सप्टेंबर २०११ मध्ये बातमी आली, की जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतून निघालेले न्यूट्रिनो नावाचे कण सुमारे ७३० किलोमीटरवर इटलीतल्या ग्रान सास्सोला प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचले. आइन्स्टाइन हरला, अशा थाटात मथळे. डब्यात “न्यूट्रिनो दादरला उतरला, मग डोंबिवलीला चढला” वगैरे सुरू झालं. काका म्हणाले, “वायर तपासली का?”

२०१२ मध्ये ऑप्टिकल फायबरची एक जोडणी नीट बसली नसल्याचं निघालं. काकांचा भाव त्यानंतर इतका वधारला, की आठवडाभर त्यांना खिडकी मिळाली. माझ्या मते त्या प्रकरणात मान मिळायला हवा तो त्या शास्त्रज्ञांना. त्यांनी “आइन्स्टाइन चुकला” म्हटलंच नव्हतं. चूक सापडत नाहीये, तुम्हीही शोधा, असं सांगून आकडे सगळ्यांपुढे ठेवले होते. मथळा करणाऱ्यांनी तेवढं सोडून बाकी सगळं छापलं.

४. फॉरवर्डशी भांडू नका, त्याला लिफ्टमध्ये न्या.

नोव्हेंबर २०१६ मध्ये दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचा शोध ज्याच्या-त्याच्या फोनवर आला. जमिनीखाली १२० मीटरवर पुरली तरी म्हणे उपग्रहाला कळणार. धाकटा समजावत होता, की जीपीएसवाला फोन उपग्रहाचं ऐकतो, त्याला उलट उत्तर देत नाही, आणि बॅटरीशिवाय एवढ्या लांब बोलणार कोण? कुणी ऐकेना. शेवटी काकांनी विचारलं, “तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये रेंज येते का?” नाही म्हणाले. “मग चार हजार एमएएचची बॅटरी असलेला फोन जे दोन मजल्यांत करू शकत नाही, ते कागद १२० मीटर खालून करणार?” विषय मुलुंडला संपला. २०२३ मध्ये नोटच मागे घेतली. खाली पुरलेल्या अजून उपग्रहाला सापडायच्या आहेत.

५. येडपट वाटणाऱ्या प्रयोगाला हसा, पण करणाऱ्याचं नाव लक्षात ठेवा.

आंद्रे गाइम यांनी ताकदवान चुंबकावर जिवंत बेडूक तरंगवला. त्यासाठी त्यांना २००० साली गमतीदार संशोधनाचं इग नोबेल मिळालं. पुढे पेन्सिलीतलं ग्राफाइट चिकटपट्टीने सोलून त्यांनी आणि नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफीन वेगळं केलं. २०१० साली खरं नोबेल.

६. पैज लावायची तर कसोटी आधी लिहा.

वाद वाढतो तो बहुतेक वेळा कोण कधी जिंकणार हेच ठरलेलं नसतं म्हणून. याचा उत्तम नमुना आपल्याकडेच आहे. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या ज्योतिषांसाठी एक चाचणी आखली होती. पत्रिका काही हुशार मुलांच्या, काही मतिमंद मुलांच्या. कुठली कोणाची ते पत्रिकेवरून ओळखायचं. २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आले असते. नारळीकर कुणाशी तावातावाने भांडले नाहीत. काय झालं तर कोण बरोबर, हे त्यांनी आधी ठरवलं आणि मोजलं.

ही चाचणी वाचल्यापासून मास्तरांच्या डायरीच्या शेवटच्या पानावर आमच्या पैजा असतात, तारखेसकट. “पाच मिनिटांत चार्ज होणारी बॅटरी” ही नोंद दरवर्षी पुढे ढकलली जाते. विनाचालक टॅक्सी संध्याकाळी सहाला शिळफाटा ओलांडेल, यावर दोन वडापाव लागले आहेत. धाकटा टॅक्सीच्या बाजूने आहे. मी शिळफाट्याच्या.

७. ज्याच्या पोटाशी बातमी येते, त्याला आधी बोलू द्या.

एआय कोड लिहितं, या बातमीवर सगळ्यांना विनोद सुचतो. काका मात्र त्यात पडत नाहीत. त्यांनी एक्स्चेंजमधले ऑपरेटर जाताना पाहिले, एसटीडी बूथवाले जाताना पाहिले, आणि जुलै २०१३ मध्ये तारसेवा बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी लोक आठवण म्हणून तारा करायला रांगेत उभे होते तेही. ते धाकट्याला एवढंच विचारतात, “तुझ्या हापिसात नेमकं काय बदललं?” तो सांगतो: सुरुवातीचा खर्डा यंत्र करतं, चुका शोधत हा बसतो, नवी पोरं कमी घेतात. एआयवरच्या दहा लेखांपेक्षा आम्हाला त्याच्या या तीन वाक्यांतून जास्त कळलं.

८. अमेरिकेतलं रॉकेट तोंडपाठ आणि जुन्नर तालुका कोरा, असं होऊ देऊ नका.

नारायणगाव म्हटलं की आमच्या डब्याला टोमॅटो आणि तमाशा आठवतो. तिथून जवळच खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांतल्या १४ मध्यभागी एकवटलेल्या, बाकीच्या तीन दिशांना शेतांमधून दूरवर पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी खर्च वाचवायला तबकडी भरीव पत्र्याची न करता तारांच्या दोरखंडांवर ताणलेल्या जाळीची केली. लांब लहरींना जाळीतली भोकं जाणवत नाहीत, आणि वारा मात्र आरपार निघून जातो. जून २०२३ मध्ये विश्वभर घुमणाऱ्या अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी मांडले. त्यांतल्या एकात याच दुर्बिणीची निरीक्षणं होती. आमच्या डब्यात त्या दिवशी चर्चा कशावर झाली? नव्या फोनच्या कॅमेऱ्यावर.

राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला लोकांसाठी प्रदर्शन भरतं. शाळेची पोरं एसटी भरभरून येतात. जमलं तर जाऊन या. तबकड्यांजवळ मात्र मोबाइल बंद ठेवावा लागतो, त्याची तयारी ठेवा.