बाळाच्या टोपड्याला लोकर की सुती दोरा?

प्रश्न : मी जयगडला राहते. भाचीच्या बाळासाठी क्रोशाचं टोपडं आणि पायमोजे विणायचे आहेत. लोकर घेऊ की सुती दोरा?

उत्तर : सुती दोराच घ्या. जयगडची हवा खाडी-समुद्राची, दमट. आणि बाजारातली स्वस्त ‘लोकर’ बहुतेकदा अ‍ॅक्रिलिक असते, ती घाम फारसा शोषत नाही. तान्ह्या बाळाची बरीचशी उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. ती अडली की घामोळं उठतं. सुती विणकाम धुतल्यावर सैल पडतं, पावसाळ्यात लवकर वाळत नाही, हा आक्षेप खराच आहे. म्हणून बारीक सुईने घट्ट मुके खांब घाला आणि टोपडी दोन विणा. जाळीची नक्षी टोपड्याला शोभेल, पायमोज्यांना मात्र नको: छिद्रांत इवली बोटं अडकतात. मणी, लांब नाड्या कशालाच लावू नका. घरी बाळाला झोपवताना टोपडं काढून ठेवा.