तेराव्या महिन्याचा हिशेब

विक्रीच्या धंद्यात यश आणि मनाचे सुख ही दोन्ही एकत्र नांदतात काय? वारकरी घरांतली कितीतरी मुले आज विमा विकतात, औषधांच्या पिशव्या घेऊन दवाखान्यांचे उंबरे झिजवतात, मोटारींच्या दुकानांत उभी राहतात. त्यांच्या आईबापांच्या तोंडी हाच प्रश्न असतो. दृष्टांताला विमा प्रतिनिधीचा धंदा घेऊन त्याचा थोडा विचार करू.

आधी पूर्वपक्ष ऐका. तो म्हणतो, "महाराज, सुखाचे नंतर पाहू, आधी टार्गेट! आकडा गाठला की दलाली, बक्षीस, मान. सुख मागोमाग येते." वरवर हे खरे वाटते. पण नवा महिना लागला की आकडा पुन्हा शून्यावर! त्यावर ज्याने सुख टांगले, त्याचे सुखही दर महिन्याला खाली यायचेच.

दुसरा पक्ष म्हणतो, "हा धंदाच खोट्याचा, सोडून द्या." हेही बरोबर नव्हे. गीतेच्या अठराव्या अध्यायात शेती व गोरक्षण यांच्या पंक्तीला व्यापार बसवला आहे. तुकोबांच्या घरी तर पिढीजात महाजनकी होती. विकण्यात पाप नाही. पाप आहे ते मापात मारण्यात.

आता सिद्धांत. विम्याच्या बहुतेक योजनांत पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर दलाली मोठी, पुढच्या हप्त्यांवर लहान. म्हणून मार्चअखेर आली की मोह पडतो. ज्याची ऐपत वर्षाला १०,००० भरायची, त्याच्या गळ्यात २५,००० चा हप्ता बांधायचा. २० वर्षांची योजना "५ वर्षांत पैसे मोकळे" म्हणून सांगायची. सही होते, आकडा चढतो, टाळ्या पडतात. पण कंपन्या आणखी एक हिशेब ठेवतात : तेराव्या महिन्यात, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा हप्ता आला तेव्हा, किती पॉलिसी चालू राहिल्या? न झेपणारा गडी तिथे थांबतो. आरंभीच पॉलिसी मोडली तर भरल्यापेक्षा बरेच कमी हाती येते. आणि तो गडी कोण? बहुधा मामेभाऊ, शेजारी, नाहीतर दिंडीतला सोबती! मग हा प्रतिनिधी त्या आळीने जाणे टाळतो, लग्नकार्यात नजर चुकवतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. सुख गेले ते इथे.

उलट जो म्हणतो, "दादा, एवढा हप्ता तुम्हाला झेपायचा नाही, लहान घ्या, आणि पॉलिसी हाती आल्यावर नीट वाचा, अटी पटल्या नाहीत तर ३० दिवसांत परत करता येते," त्याचा मार्चचा आकडा कमी भरेल. साहेबांचे दोन शब्दही खावे लागतील. हा तोटा खरा आहे. पण त्याचे हप्ते चालू राहतात, लहान दलाली वर्षानुवर्षे येते, आणि तेच गिऱ्हाईक उद्या आपल्या भावाला घेऊन येते.

यासाठी दोन पथ्ये. घरखर्च भरभराटीच्या महिन्यावर बांधू नये, हलक्या महिन्यावर बांधावा. कर्जाचा हप्ता मानेवर बसला की भला माणूसही खोटी सही घेतो. दुसरे, दिवसाचे माप ठरवावे. आज किती घरी जायचे हे आपल्या हाती. सही कोण करील हे नाही. माऊलींची पालखी दिवेघाट चढते, पण सासवडचा मुक्काम आधीच ठरलेला असतो. तसा कामालाही मुक्काम हवा. ताटावर बसल्यावर फोन बाजूला, वही बंद.

आणि आईबापांनो, मुलगा संध्याकाळी घरी आला की "आज किती विकलेस?" असे विचारू नका. "आज कोणाला काय सांगितलेस?" असे विचारा. त्याने न अडखळता सांगितले, तर त्याला निवांत जेवू द्या.

इत्यलम्.