सहलीची जॉइंट नोट

दौंड,
दि. ३० मे

चि. सोनू हिस,


तू पाठवलेली वहीची पानं वाचली. खोपोलीजवळच्या इमॅजिका पार्कच्या सहलीबद्दल तू आणि तुझी मैत्रीण मिळून लिहायला बसलात आणि मध्येच अडलात, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलंच होतं. तू म्हणतेस, पैसा वसूल. ती म्हणते, पुन्हा नाव काढू नकोस. तू पाचपैकी पाच तारे देतेस, ती दोन. आणि मैत्रीत वाकडं नको म्हणून आता साडेतीनवर मिटवायचं तुमच्या मनात आहे. ते तेवढं करू नका, हे सांगायला हे पत्र लिहितोय.

साडेतीन तारे वाचून आपल्या गावात कुणाला काय कळणार? ज्या घरातून वर्षाकाठी एकच सहल निघते, तिथली आई विचारणार की पहाटे कितीला निघायचं, गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना न्यावं का, धाकट्याला कुठल्या पाळण्यात बसू देतील आणि खर्च कितीवर जाईल. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर साडेतीनमध्ये नाही. तुमच्या पाचात आणि दोनात मात्र आहे, फक्त ते उकलून लिहायला हवं.

मी रेल्वेत गार्डची नोकरी केली. २०२२ पासून त्या हुद्द्याला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण काम तेच. गाडीचं चाक रुळावरून उतरलं की जागेवर चार खात्यांची माणसं जमतात. रूळवाल्याला डब्यात दोष दिसतो, डबेवाल्याला रुळात. तरी कागद एकच तयार होतो. त्याला आम्ही जॉइंट नोट म्हणायचो. मोजमापं सगळ्यांसमोर घ्यायची, सगळ्यांना मान्य असेल ते लिहून खाली सह्या करायच्या आणि ज्याला एखादा मुद्दा पटत नाही त्यानं आपलं वेगळं मत कारणासकट नोंदवायचं. दोघांच्या म्हणण्याची सरासरी कुणी काढत नाही. तुमच्या सहलीचा वृत्तांतही असाच व्हावा. एकटीनं लिहिलं तर ते तुझं मत. दोघींनी पडताळून लिहिलं तर तीच गोष्ट लोकांच्या उपयोगाची माहिती होते.

आता मोजमापांपासून सुरुवात करू. तुझ्या पानांमध्ये सहल थेट पार्कच्या कमानीपाशी सुरू होते. घरून निघाल्यापासून तिथं पोचेपर्यंतचा अर्धा दिवस कुठं गेला? तुम्ही दौंडहून पुण्याला गेलात, तिथून कर्जत, कर्जतहून खोपोलीची लोकल आणि शेवटी रिक्षा. खोपोली मेन लाईनवर नाही. पुण्याची गाडी लोणावळ्याहून घाट उतरते ती थेट कर्जतला आणि खोपोलीसाठी कर्जतहून फुटणाऱ्या फाट्यावर परत मागं यावं लागतं. नकाशात खोपोली घाटाच्या पायथ्याशी दिसते, म्हणून लोक समजतात की लोणावळ्यानंतरचं स्टेशन तेच. पार्क तर खोपोलीच्याही पुढं, पालीच्या रस्त्यावर. तुम्ही आत पाऊल टाकलं तेव्हा दुपार झाली होती. तुझी मैत्रीण म्हणते की दिवस पुरला नाही, ते शंभर टक्के खरं आहे. पण तो दोष पार्कचा नाही, अंतराचा आहे. हे एक वाक्य तुम्ही लिहिलंत तर पुढचा माणूस आदल्या रात्री पुण्यात नाहीतर लोणावळ्यात मुक्काम करेल किंवा चार घरं मिळून गाडी ठरवेल आणि दार उघडायच्या वेळेला तिथं उभा असेल.

वेळ लिहायची ती त्या क्षणी. गार्डच्या जर्नलमध्ये प्रत्येक स्टेशनावर गाडी आली कधी, सुटली कधी आणि थांबली तर का थांबली, हे तिथल्या तिथं उतरवावं लागतं. घरी आल्यावर आठवून लिहिलेली रांग रागात असलेल्याला दोन तासांची वाटते आणि खुशीत असलेल्याला दहा मिनिटांची. आठवणीत काय उरतं ते बघ. आमच्या पिढीनं मुंबईच्या गोराईचं एस्सेलवर्ल्ड हे पाळण्यांचं पार्क पाहिलं. ते १९८९ साली सुरू झालं, शेजारचं वॉटर किंगडम १९९८ साली आलं. लोक खाडी ओलांडून होडीनं जायचे. एस्सेलवर्ल्डचे पाळणे आता थांबले, पण त्याच्या जाहिरातीचं गाणं अजून कुणीही गुणगुणून दाखवेल. दुपारी पाळण्याखाली सावली होती का, हे विचारलं तर सांगणारा सापडत नाही. जाहिरात आपोआप लक्षात राहते. बाकीचं कुणीतरी लिहून ठेवावं लागतं आणि ते काम पाहुण्यांचं आहे.

आता तुमच्या भांडणाचा खरा मुद्दा, नायट्रो नावाचा रोलर कोस्टर. तू लिहितेस, जन्मात एकदा तरी बसावं. ती लिहिते, उतरल्यावर तासभर सावलीत डोकं धरून बसले. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही छापायला हवं. ती भित्री म्हणून तिला त्रास झाला, असं तू सुचवलंयस, ते मात्र खोड. आपल्या कानाच्या आत शरीराचा तोल सांभाळणारा अवयव असतो, त्यातलं पाणी हललं की मेंदूला कळतं की आपण कुठं कललो. डोळे एक सांगतात आणि कान दुसरंच सांगतो, तेव्हा मळमळतं. कुणाचा हा अवयव चटकन बिथरतो, कुणाचा नाही. त्यात हिमतीचा काही संबंध नाही. ज्यांना घाटात एसटी लागते त्यांनी नायट्रोआधी भरपेट जेवू नये किंवा ती सोडून द्यावी, हा सल्ला तुझी मैत्रीणच अधिकारानं देऊ शकते, तू नाही. तिच्या दोन ताऱ्यांची किंमत इथं कळते. उलट ‘आय फॉर इंडिया’मध्ये आकाशातून देश दाखवतात ते तिला सगळ्यात आवडलं आणि तू त्याला एक ओळही दिली नाहीस. पाळण्यांना घाबरणारी घरातली वडीलधारी माणसं तीच ओळ शोधत असतात.

नायट्रोबद्दल अजून थोडं लिही, कारण वाचणाऱ्या आईबापांच्या मनात पहिली शंका सुरक्षिततेची असते आणि तुम्ही दोघींनी त्यावर काहीच लिहिलं नाही. ही राईड स्वित्झर्लंडच्या बोलिजर अँड मॅबिलार्ड कंपनीनं बांधलेली आहे. पायाखाली फळी नसते आणि माणूस पाच वेळा उलटा होतो. त्या गाडीला इंजिन नाही. सुरुवातीला साखळी तिला उंचावर ओढून नेते, तिथून पुढं ती स्वतःच्या वजनानं पळते. ब्रेकही गाडीला नसतात, ते रुळावर ठरावीक ठिकाणी बसवलेले असतात. म्हणून अशा राईडचे रूळ आमच्या रेल्वेसारखेच ब्लॉकमध्ये वाटलेले असतात. एका ब्लॉकमध्ये एका वेळी एकच गाडी. पुढचा ब्लॉक रिकामा झाल्याची खूण मिळाल्याशिवाय मागची गाडी पुढं सोडत नाहीत. जगभरातल्या रोलर कोस्टरचा हा नियम आहे. कुठल्याही पार्कमध्ये एखादी राईड मध्येच दहा मिनिटं थांबली की लोक चिडून लिहितात, यंत्रं बेकार. कित्येकदा एखाद्या सेन्सरला शंका आली म्हणून ती थांबलेली असते. ज्याला शंका आल्यावर थांबता येतं ते यंत्र मला जास्त भरवशाचं वाटतं. थांबली एवढंच लिहून सोडू नका. का थांबली ते तिथल्या माणसाला विचारा आणि तो काय म्हणाला ते लिहा.

आणि सुरक्षिततेबद्दल लिहायचं ते नजरेनं पाहिलेलं हवं. खांद्यावरून खाली येणारा तो जाड पट्टा बसल्यावर तिथला मुलगा प्रत्येकाचा पट्टा हातानं ओढून पाहतो का? एका बाजूनं पाहून झाल्यावर दुसरा माणूस पुन्हा पाहतो का? अंगठा वर झाल्याशिवाय गाडी सुटते का? तू पहिल्या रांगेत बसली होतीस, तुला हे दिसलं असणार. ‘थरारक अनुभव’ या दोन शब्दांपेक्षा पट्टा ओढणाऱ्या त्या हातांवर दोन ओळी लिहिल्यास तर एखाद्या बापाची झोप नीट होईल.

उन्हाचाही हिशेब वेगळा ठेवा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन कोरडं, सावलीत गेलं की बरं वाटतं. घाट उतरून कोकणच्या अंगाला गेलं की पारा कमी असला तरी घाम वाळत नाही आणि माणूस लवकर थकतो. हा त्रास मे महिन्याचा आहे, तो पार्कच्या नावावर टाकू नका. पण उघड्यावरच्या राईड सकाळी, बंद खोल्यांतल्या भर दुपारी आणि पाण्याच्या परत उन्हं कलल्यावर, असा क्रम लावता येतो हे तुम्हाला शेवटी कळलं. ते तुमच्या वृत्तांतात सगळ्यात वर यायला हवं. शेवटी कळलेलं लोकांना आधी सांगणं, याचसाठी तर लिहायचं असतं.

पैशाबद्दल बोलताना लाजू नका. ‘महाग आहे’ किंवा ‘परवडतं’ असं कुणाच्याही बाबतीत परस्पर ठरवू नका. तारीख लिहा, वार लिहा, कारण अशा ठिकाणी वार आणि हंगाम बदलला की तिकिटाचा दर बदलतो. तिकिटात काय धरलंय आणि काय नाही ते लिहा. कर धरून सांगितलेला दर आहे की वेगळा, तेही लिहा. थीम पार्कवरचा जीएसटी आधी २८ टक्के होता, जानेवारी २०१८ मध्ये तो १८ टक्क्यांवर आला, तरी चार जणांच्या कुटुंबाला १८ टक्केही जाणवतातच. त्याखाली रेल्वे, रिक्षा, लॉकर, जेवण आणि पाण्याच्या बाटल्या अशी यादी येऊ दे. परवडतं की नाही ते वाचणारा आपल्या खिशात हात घालून ठरवेल.

पार्कनं काही शिकवलं असेल तर त्याचं श्रेयही मोकळ्या मनानं द्या. राजासॉरस नावाच्या राईडच्या होडीत बसून तुम्ही भिजलात, किंचाळलात आणि पुढं गेलात. ते नाव कुणी मनानं रचलेलं नाही. राजासॉरस नर्मदेन्सिस हा आपल्याच देशातला मांसाहारी डायनासोर. त्याची हाडं गुजरातमध्ये बालासिनोरजवळच्या रहियोलीला सापडली आणि २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं नामकरण केलं. धाकट्या भावंडांना नेणाऱ्यांना हे आधी कळलं तर त्या राईडमधून उतरल्यावर पोरांच्या तोंडी प्रश्न येतील. सहलीतून एवढं निघालं तरी खूप झालं.

जागेची थोडी ओळखही द्यावी. एप्रिल २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी अॅडलॅब्ज इमॅजिका या नावानं हे पार्क सुरू केलं. २०२२ साली ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. शिर्डीचं वेट अँड जॉय आणि साईतीर्थ हेही याच समूहाचं. दौंडकरांना हे सांगायला हवं, कारण शिर्डी आपल्या मनमाड लाईनच्या बाजूची. ज्यांना आजी-आजोबांसोबत देवदर्शनही करायचंय आणि पोरांना पाण्यातही खेळवायचंय, त्यांना घाट उतरण्यापेक्षा ती वाट सोयीची पडेल. आणि ज्यांना एवढा खर्च झेपणारा नाही, त्यांच्यासाठी आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यातली मोराची चिंचोली आहे. चिंचेची जुनी झाडं, सकाळ-संध्याकाळ शिवारात उतरणारे मोर आणि शेतकऱ्याच्या घरचं जेवण. दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नका. कुणाला काय जमेल ते सांगा, म्हणजे तुमचं लिखाण वाचून कुणी हिरमुसणार नाही.

आणखी एक. चांगलं लिहिलं तर फुकट पास देतो, असं कुणी कधी म्हणालं तर हात जोडून नको म्हणायचं. तसंच एखाद्या कामगाराचा राग त्याचं नाव घेऊन चारचौघांत काढायचा नाही. तक्रार असेल तर ती कामाची असावी, माणसाची नको.

तेव्हा या रविवारी दोघी आमच्या घरी या. मामी थालीपीठ करणार आहे. वही घेऊन समोरासमोर बसा. दोघींना मान्य असेल ते आधी लिहा. जिथं पटत नाही तिथं दोघींची मतं शेजारी शेजारी मांडा आणि प्रत्येकीनं आपलं कारण द्या. तारे नकोत, आकडे आणि वेळा द्या. खाली दोघींच्या सह्या करा. मग त्याच्या प्रती काढून आपल्या कॉलनीतल्या, सुट्टीत कुठं जावं म्हणून विचारणाऱ्या प्रत्येक घरी देऊन या. तुमच्या भरवशावर कुणीतरी वर्षभराची बचत मोडून लेकरांना घेऊन निघणार आहे. त्याला खरं सांगणं हे तुमचं कर्तव्य आहे आणि तुम्ही दोघी ते नीट पार पाडाल, याची मला खात्री आहे.

घरी सर्वांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
मामा