दूध किती आणि वेते किती?

महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात, परदेशांतील उत्तम शेळ्यामेंढ्या आणून सरकारने त्यांची येथे पैदास करावी, अशी मागणी केली. पशुधनाचा वंश सुधारल्याशिवाय शेतकऱ्याचे दैन्य हटणार नाही, हे त्यांनी जाणले होते. १९६८ साली स्थापन झालेल्या आणि पुढे त्यांचेच नाव लाभलेल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठाने होल्स्टिन फ्रिजियन, जर्सी व गीर यांच्या संकरातून ‘फुले त्रिवेणी’ गाय विकसित केली. शनिशिंगणापूरच्या शेजारच्याच तालुक्यातील हे कार्य आहे.

संकराने दूध वाढले. परंतु गाय किती वेते टिकते, हेही पाहिले पाहिजे. समजा, कालवड तीन वर्षांची होऊन प्रथम व्याली. तीन वेतांनंतर ती विकावी लागली, तर प्रत्येक वेतावर बिनदुधाच्या संगोपनाचे एक वर्ष पडते. सहा वेते टिकली, तर सहाच महिने. कर्ज काढून एकच गाय बांधणाऱ्या भूमिहीन कुटुंबाचा संसार या फरकावर तरतो किंवा बुडतो.

गाय लवकर बाद झाली की साडेसातीला बोल लावला जातो. तथागतांनी मात्र दुःखाचे कारण शोधण्यास शिकवले. येथील कारणे उघड आहेत : कासदाह, खुरांचे विकार, गाभण न राहणे. त्यांत गोठ्यातील निगेचा वाटा मोठा, तसा वंशाचाही असतो. टिकाऊपणा वंशातून अल्प प्रमाणात उतरतो आणि तो सिद्ध होईपर्यंत गाय म्हातारी होते. म्हणून वळूची पारख त्याच्या अनेक मुलींवरून करावी लागते. नॉर्वेने १९७० च्या दशकातच प्रजननक्षमता व कासदाह यांचा विचार वळूंच्या निवडीत आणला. अमेरिकेत १९९४ पासून गाईच्या ‘उत्पादक आयुष्या’चे मूल्यमापन होऊ लागले.

दख्खनी मेंढीबाबतही हेच खरे. धनगर बांधव दोनदाती, चारदाती असे दात पाहून वय ओळखतात. दात पडले की मेंढीचे चरणे खुंटते आणि ती कळपातून जाते. जी मेंढी दात व पाय शाबूत राखून अनेक वर्षे कोकरे वाढवते, तिच्या पोटचा नर पैदाशीस राखावा.

आमच्या माजी विद्यार्थ्यांना व पालकांना एवढीच विनंती : प्रत्येक गाईची जन्मतारीख, वेते, आजार आणि विक्रीचे कारण वहीत नोंदवावे. कृत्रिम रेतन करताना वळूच्या आईचे दूध विचारावेच. सोबत त्याच्या मुलींची कास, पाय आणि वेते यांचीही माहिती मागावी. शाळेत मिळालेल्या अक्षराचा हा उपयोग गोठ्यातही व्हावा.